फुलानं मागं राहायचं

परशूचं लग्न झालं आणि तिसऱ्याच महिन्यात त्याची थोरली बहीण सुमंगला आणि बायको फुला यांच्यातलं बोलणं तुटलं. कारण चुलीपाशी घडलं. सुमंगलाची नजर विसाव्या वर्षापासून कमी होत गेली होती आणि पंचविशीत पार गेली. घरातली प्रत्येक वस्तू ती जागेवरून ओळखायची. फुलानं आल्या आल्या मांडणी बदलली, कढत तेलाची कढई भलत्याच जागी ठेवली आणि सुमंगलाचा हात पोळला. फुलानं मुद्दाम केलं, असं सुमंगला म्हणाली. घर माझंही आहे, असं फुला म्हणाली. मग सात वर्षं दोघी कर्नाटक-गोवा सीमेवरच्या कॅसलरॉकच्या त्या तीन खोल्यांत कामापुरतं बोलून राहिल्या.

जवळच्या रामनगरला अंधांसाठी शिबिर भरलं, तेव्हा बेळगावचे प्रशिक्षक दत्तप्रसाद यांनी सुमंगलाला शाळेच्या मैदानावर पळवून बघितलं. पस्तिशीची बाई, कधी न पळलेली, पण पाय असे टाकत होती की त्यांनी तिला आणखी दोन फेऱ्या मारायला लावल्या. बेंगळुरूच्या अर्ध्या मॅरेथॉनमध्ये अंध बायकांचा गट होता. एकवीस किलोमीटर. मात्र सोबत डोळस धावक हवा, दोघींच्या हातात एक आखूड दोरी. दोरी ओढायची नाही, आणि शेवटची रेघ अंध बाईनं आधी ओलांडायची, सोबतिणीनं मागं राहायचं.

गावात सुमंगलाच्या दमाची एकच बाई होती. डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन घाट चढणारी फुला. परशूनं चाचरतच विचारलं. फुला लगेच हो म्हणाली आणि नणंदेकडं वळून तिनं सांगूनही टाकलं, "बेंगळुरू बघायचं हाय मला. तुमच्यासाठी न्हाई, वन्सं."

पहाटे जंगलातल्या डांबरी रस्त्यावर सराव सुरू झाला. फुला मोजकं बोलायची. खड्डा. चढ. डावीकडं. एकदा ‘खड्डा’ हा शब्द उशिरा आला आणि सुमंगलाचा गुडघा सोलून निघाला. दुसऱ्या दिवशी सुमंगलानं वळणावर असा हिसका दिला, की फुला चरात जाऊन पडली. दत्तप्रसाद ऐकून चिडले, पण घड्याळ बघून त्यांनी वाद मिटवायचा नाद सोडला. दर आठवड्याला धावायला लागणारा वेळ कमी होत होता. थांबू या, असं आधी म्हणायला दोघींपैकी एकही तयार नव्हती.

बेंगळुरूला पहाटे आधी चाकाच्या खुर्च्या सुटल्या, मग पात्यासारख्या कृत्रिम पायावर पळणारा एक पाय नसलेला तरुण, मग अंधांचा गट. गर्दीतल्या एका बाईनं कन्नडमध्ये फुलाला म्हटलं, आंधळीची सेवा करतेस, मोठं पुण्य लागेल तुला. फुलानं पळता पळताच कन्नडमध्ये उत्तर दिलं, पुण्य नाही बाई, नणंद आहे. सुमंगलाला हसू आलं. तिनं ते दाबलं. फुलाच्या बोलण्यावर हसायचं म्हणजे हरल्यासारखंच.

सतराव्या किलोमीटरला तिच्या पोटरीत गोळा आला.

"थांबायचं काय?" फुलानं विचारलं. आवाजात काळजी नव्हती.

"तू थांब."

दोघी पळत राहिल्या. शेवटच्या रेघेपाशी फुलानं पाऊल आखडलं. तिच्यात अजून दम शिल्लक होता, ते सुमंगलाला दोरीतून कळलं. सुमंगला तिसरी आली. पदक तिच्या गळ्यात पडलं.

रामनगरच्या व्यापाऱ्यांनी सत्कार ठेवला. शाल, नारळ, भाषणं. सुमंगलाच्या हातात माईक आला. तिनं दत्तप्रसादांचे आभार मानले, परशूचे मानले, सरावाच्या वेळी पहाटे कामावर जाताना वाट मोकळी करून देणाऱ्या रेल्वेच्या गँगमनांचेही मानले. पुढच्या रांगेत बांगड्या वाजल्या. फुला तिथं बसली होती. नाव सुमंगलाच्या ओठांवर आलं, तिनं ते गिळलं आणि माईक परत दिला. खाली बसताना छातीत गार समाधान होतं, आणि त्याची तिला लाजही वाटली. पण उठून चूक दुरुस्त करावी एवढी नाही.

घरी आल्यावर फुलानं भांडण काढलं नाही. पुढच्या वर्षी आपण एकटीच, आपल्या नावावर पळणार, एवढंच तिनं सांगितलं. परशू ओरडला, आंधळ्या बहिणीला कोण नेणार म्हणाला. फुलानं ताटं उचलली आणि ती मोरीवर गेली.

सुमंगलाच्या जोडीला रामनगरची कॉलेजातली अंकिता आली. गोड पोरगी. "ताई, सावकाश" म्हणायची, खड्डा दहा पावलं आधी सांगायची. त्या गोडपणानं सुमंगलाचं अंग आंबून जायचं.

दुसऱ्या वर्षीची शर्यत. डोळस बायकांचा गट मागून सुटला होता. नवव्या किलोमीटरला सुमंगलाच्या कानावर पावलं आली. डावं पाऊल जड, उजवं हलकं. आठ महिने ती पावलं तिच्या शेजारी पडली होती.

"तिच्या मागं चल," ती अंकिताला म्हणाली. "सोडू नको."

अंकितानं जीव काढला, पण पावलं पुढं गेली आणि गर्दीत विरली. सुमंगला दात आवळून पळत राहिली. तिच्या गटात ती पहिली आली, गेल्या वर्षीपेक्षा सहा मिनिटं आधी. लोक टाळ्या वाजवत होते. फुलाला किती वेळ लागला, एवढंच तिनं विचारलं. तिच्यापेक्षा अकरा मिनिटं कमी.

परतीच्या गाडीत दोघी समोरासमोर बसल्या. फुलानं भाकरीचं फडकं सोडलं, भाकरी खाल्ली, नणंदेला विचारलं नाही. लोंढा स्टेशन गेल्यावर सुमंगलाच बोलली.

"सत्काराला तुझं नाव मुद्दाम घेतलं न्हाई मी."

"ठाव हाय."

"पुढल्या साली तुला मागं टाकणार."

"टाका की," फुला म्हणाली. "रस्ता काय माझ्या बाचा हाय?"

कॅसलरॉकला परशू न्यायला आला होता. दोघी त्याच्या दोन बाजूंनी चालत घरी गेल्या. सुमंगलानं त्याच संध्याकाळी दत्तप्रसादांना फोन लावला आणि अंकिताच्या जागी कुणीतरी कडक बाई मागितली.