बांधावर बसलेली

पडद्यावर काळी पट्टी दिसली की आमच्या ह्यांच्या अंगावर पाल पडते. सभागृहाचा प्रोजेक्टर हे चालवतात, तिकिटं फाडणं आणि झाडलोट माझ्याकडे. संसारही तिथेच, मागच्या दोन खोल्यांत. फार पूर्वी यांनी एक जुना चित्रपट लावला होता. जुन्यांचं चित्र जवळजवळ चौकोनी असतं, म्हणून आमच्या रुंद पडद्याच्या दोन्ही बाजूंना काळं राहिलं. पोरांनी शिट्ट्या मारल्या. कोणीतरी ओरडलं, "अर्धा पडदा घरी वाळत घातलाय का हो?" झालं! तेव्हापासून कुठलाही चित्रपट येवो, हे चित्र मोठं करून पडदा काठोकाठ भरणार म्हणजे भरणार. मग त्यातलं थोडंफार पडद्याबाहेर जातं. जाईना का, कोणाला कळतंय, असं यांचं म्हणणं. मीही कधी त्यात तोंड घातलं नाही.

यंदा इथल्या आफ्रिकी मंडळाने त्यांच्याकडचे चित्रपट आणि नाचगाणी यांचा महोत्सव आमच्या सभागृहात घेतला. व्हरांड्यात कापडांचे स्टॉल लागले, कोपऱ्यात ढोल येऊन बसले, आणि मंडळाच्या अध्यक्षीणबाई माइक हातात घेऊन सगळ्यांना नुसतं पळवत होत्या. नाचाचे कपडे शिवले होते आमच्या गल्लीच्या तोंडाशी दुकान असलेल्या टेलरीणबाईंनी. त्या मूळच्या तिकडच्या. लग्न होऊन इकडे आल्या त्याला जमाना झाला, आता नात शाळेत जाते. बाई हाताने चटपटीत, तोंडाने अगदी कमी. माझे कपडेही त्याच शिवतात, पण "सैल हवं की घट्ट?" यापलीकडे आमचं संभाषण कधी गेलं नव्हतं.

नाचाचे कपडे पोचवायला आल्या, तेव्हा मात्र माझ्याजवळ पायरीवर टेकल्या.

"ताई, रविवारी दुपारच्या चित्रपटाला मला एक चांगली खुर्ची ठेवाल? त्यात माझी आई आहे."

"अगंबाई! नटी होती?"

"छे हो! चित्रपट जुना आहे, आमच्या गावच्या तळ्यावर शूटिंग झालं. पाणी भरणाऱ्या बायका म्हणून गावातल्याच उभ्या केल्या. मावशी फोनवर सांगत होती, तुझी आई सगळ्यांच्या वर, बांधावर बसली होती म्हणून. कॅमेऱ्याकडे बघायचं नाही असं सगळ्यांना बजावलेलं. हिने बघितलंच, वर हसली."

त्या अंगावर पीत होत्या तेव्हाच आई तापाने गेली. फोटो एकही नाही, गावात फोटो काढणारंच कोणी नव्हतं. "आरशात बघते आणि अंदाज करते," त्या म्हणाल्या, बटणं कुठे लावली ते सांगावं तशा आवाजात. मी मधल्या रांगेतली, पडद्याच्या नेमकी समोरची खुर्ची त्यांच्यासाठी राखली आणि शेजारी स्वतः बसले. तिकिटं फाडायला भाच्याला उभं केलं.

चित्रपट सुरू झाला. पडदा कसा गच्च भरलेला, पण माणसांची डोकी सारखी कपाळापासून गायब. त्याचं कारण नंतर कळलं. खाली संवादांच्या भाषांतराची ओळ होती आणि ती तर दिसायलाच हवी, म्हणून यांनी चित्र खालून धरलं आणि सगळी कात्री वरून चालवली. मला वाटलं, तिकडे चित्रपट असेच काढत असतील. मागे एक गृहस्थ बायकोला समजावत होते, "मुद्दाम आहे ते. कलात्मक आहे ना!"

तळं आलं तशी टेलरीणबाईंनी माझं मनगट पकडलं. बायका घडे भरत होत्या, एकमेकींच्या अंगावर पाणी उडवत होत्या. आणि अगदी वर, पडद्याच्या काठाला, बांधावरून सोडलेले दोन अनवाणी पाय झुलत होते. घोट्यांच्या वर काही नाही. मग शेळ्या आल्या आणि तळं संपलं.

"पाय," त्या म्हणाल्या. चित्रपट संपेपर्यंत त्यांनी माझं मनगट सोडलं नाही.

ते पाय बघून माझ्या डोक्यात उजेड पडला होता; दिवे लागले तशी मी जिना चढून यांच्या प्रोजेक्टरच्या खोलीत गेले. चित्रपटाची प्रत घेऊन आलेले पाहुणे ती पेटीत भरत होते. त्यांना विमान गाठायचं होतं, टॅक्सी खाली उभी होती.

"अहो, वरची बाई कापलीत तुम्ही!"

"कोण बाई? चित्र एकदम फर्स्टक्लास होतं. एक शिट्टी आली का?"

"शिट्टीचं काय घेऊन बसलात! आपल्या टेलरीणबाईंची आई आहे ती. त्यांना आईचं तोंड बघायचं होतं, आणि तुम्ही पाय दाखवलेत."

"मी काय मुद्दाम केलं? पडदा भरायचा नाही तर काय—"

टेलरीणबाई माझ्यामागे जिना चढून आल्या होत्या. दारातूनच म्हणाल्या, "राहू द्या दादा. पाय तरी दिसले. कालपर्यंत तेवढेही नव्हते."

यांचं तोंड पडलं. इतक्या वर्षांच्या संसारात या माणसाच्या तोंडून 'चुकलो' ऐकलेलं नाही मी. भाजीत मीठ यांनी दोनदा घातलं तरी मीठच खारट निघालं म्हणतात. ते उठले, पाहुण्यांसमोर हात जोडले आणि म्हणाले, "साहेब, चूक माझी आहे. तेवढा एक प्रसंग परत लावू द्या. पाया पडतो तुमच्या."

पाहुण्यांनी घड्याळ बघितलं, मग टेलरीणबाईंकडे बघितलं, आणि पेटी उघडली.

खाली नाचणारी मंडळी तयार होऊन उभी, आणि अध्यक्षीणबाई माझ्यावरच उखडल्या, "आता हे मध्येच काय?" मी एका दमात सगळं सांगितलं. त्यांनी माइक तोंडाशी नेला, घसा खाकरला आणि इतकंच म्हणाल्या, "सगळे बसा." नाचणाऱ्या पोरी नव्या कपड्यांनिशी खालीच बसल्या.

दिवे गेले. या वेळी चित्र लहान होतं आणि दोन्ही बाजूंना चांगलं हातभर काळं. शिट्टी कोणी मारली नाही. बायकांना आता डोकी होती, डोक्यांवर घडे होते, आणि सगळ्यांच्या वर बांधावर एक मुलगी पाय सोडून बसली होती. हडकुळी, दोन दात पुढे आलेले. तिने सरळ आमच्याकडे बघितलं आणि फिसकन हसली. यांनी चित्र तिथेच थांबवलं.

टेलरीणबाई उभ्या राहिल्या. मला वाटलं आता रडतील, म्हणून मी आधार द्यायला उठले. त्या रडल्या नाहीत. पदराशी खेळणाऱ्या नातीकडे बघावं तशा त्या बघत राहिल्या.

"ताई, ही तर लहान आहे हो," त्या म्हणाल्या. "माझ्या धाकट्या लेकीपेक्षाही लहान. तापात हिचं कोणी केलं असेल का हो?"

वरच्या खिडकीतून यांनी विचारलं, "दिसली का?"

"दिसली दादा," त्या म्हणाल्या. मग पडद्याच्या दिशेने दोन पावलं पुढे झाल्या आणि त्या पोरीला म्हणाल्या, "अगं, मागे सरकून बस. पडशील."