मिठाच्या गोणीशेजारचा इंटरकूलर

मित्रांनो, मी एक जुना इंटरकूलर आहे. नाव ऐकून तोंड वाकडं करू नका. सायकलमध्ये हवा भरताना पंपाच्या तळाला कधी हात लावलाय? चटका बसतो. हवा दाबली की तापतेच. आमच्या पिकअप गाडीच्या इंजिनावर सुपरचार्जर नावाचा एक दांडगा गडी होता. तो इंजिनात हवा कोंबायचा आणि गाडीला बळ यायचं. पण तापलेली हवा इंजिनाला मानवत नाही. ती गार करून आत सोडणं हे माझं काम. माझ्या नळ्यांतून पाणी फिरायचं, हवेतली उष्णता उचलायचं आणि गाडीच्या तोंडाशी असलेल्या छोट्या रेडिएटरमध्ये जाऊन वाऱ्यावर निवायचं. इतकं साधं काम आहे, पण ते समजून घेताना लोकांनी माझा जीव घेतला.

मी ॲल्युमिनियमचा. कारखान्यातून आलो तेव्हा इतका चकचकीत होतो की मला बसवणाऱ्या फिलिबेर्तो मिस्त्रीने माझ्यात बघून मिशा सारख्या केल्या. आमचं गाव नावोहोआ. इथे मे महिन्यात सरडेसुद्धा सावली शोधतात. मालक नासारिओ पॉटचं आइस्क्रीम विकायचा, चिंचेचं आणि नारळाचं. आठवडाभर गाडीत त्याची लाकडी पिंपं असायची. रविवारी दुपारी ती उतरवून त्याची मुलगी कासिल्दा गाडी गावाबाहेरच्या जुन्या धावपट्टीवर शर्यतीला न्यायची. एका वेळी दोन गाड्या, सरळ रस्ता, आणि अंतिम फेरी जिंकायची तर एका दुपारी तीनदा पळायचं. पहिली दोन वर्षं आम्ही सगळ्यांना धूळ चारली. लोक बॉनेट उघडून मला बघायला यायचे, आणि मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू!

मग नासारिओची बायको रेमेदिओस वारली. दुकानाची पत्र्याची पाटी तिने स्वतः रंगवली होती. अक्षरं थोडी तिरकी, आणि नारळ काढलेला तो बटाट्यासारखा दिसायचा. नासारिओने ती पाटी गाडीच्या तोंडावर चार स्क्रूंनी आवळून बसवली. "ती नेहमी पुढेच बसायची," तो म्हणाला, "आताही पुढेच बसेल."

बसली ती नेमकी माझ्या छोट्या रेडिएटरसमोर. वारा बंद!

तेव्हापासून गाडी पहिल्या फेरीला हरणासारखी पळायची, दुसऱ्या फेरीला कुरकुरायची आणि तिसरीला तापलेली हवा पाहून इंजिनच हात आखडता घ्यायचं. सलग तीन वर्षं अंतिम फेरीत ग्वायमास गावचा रोसेंदो त्याच्या लाल गाडीतून पुढे गेला. जाताना खिडकीतून ओरडायचा, "काय गं कासिल्दा, आइस्क्रीमवाल्यांची गाडी, आणि तीच वितळते?"

फिलिबेर्तोने पंप बदलला. पाण्याची टाकी मोठी केली. नळ्या बदलल्या. मी आतून गुदमरत होतो, पण मला तोंड कुठे आहे? एकदाच तो दबकत म्हणाला, "नासारिओदादा, राग मानू नका. ती पाटी वाऱ्याच्या वाटेत येतेय."

"माझी बायको वाटेत येते म्हणतोस?"

"तसं नाही हो..."

"मग पाना फिरव आणि गप बस."

तो गप्प बसला. त्याला ठाऊक होतं आणि तो गप्प बसला, याचा मला आजही संताप येतो.

चौथ्या वर्षी नासारिओ मुलीला म्हणाला, "पोरी, आता बास. यंदा हरलीस तर हा सगळा पसारा उतरवायचा. गाडीने आइस्क्रीम वाहावं, झालं." कासिल्दाने बॉनेट उघडलं आणि टाकीतलं पाणी तपासलं.

बापाचं काळीजच ते. त्याला पोरीला हरू द्यायचं नव्हतं. दर रविवारी शर्यतीआधी तो माझ्या पाण्याच्या टाकीत बर्फ टाकू लागला. इथवर ठीक होतं. पण जन्मभर पॉट फिरवलेला माणूस तो! बर्फात जाडं मीठ घातलं की गारवा वाढतो, हे त्याच्या हाडात भिनलेलं.

"बाबा, हे काय टाकताय?" कासिल्दाने विचारलं.

"चाळीस वर्षं आइस्क्रीम गोठवतोय मी. तुझी हवा गोठणार नाही होय?"

आणि गंमत बघा, गाडी पळाली! सगळे मिठाचं कौतुक करू लागले. मिस्त्रीसुद्धा. इकडे ते खारं पाणी माझ्या नळ्या कुरतडत होतं. शर्यत संपली तरी ते कुणी काढायचं नाही, आठवडाभर माझ्यातच. आठ आठवड्यांत मला बारीक बारीक भोकं पडली. मी आतल्या आत ओरडत होतो, आणि वर मूठमूठ मीठ पडत होतं.

हंगामाच्या शेवटच्या रविवारी अंतिम फेरीत कासिल्दा रोसेंदोच्या पुढे होती. खरंच पुढे होती! निम्म्या रस्त्यात माझी एक नळी फुटली, खारं पाणी इंजिनात गेलं, पांढरा धूर निघाला आणि गाडी उभी राहिली. लाल गाडी निघून गेली. कासिल्दा स्टिअरिंगवर डोकं टेकून रडली.

दुसऱ्या दिवशी नासारिओने मला बाहेर काढलं. माझ्यावर मिठाचे पांढरे पोपडे होते. नखाने त्याने एक खरवडला आणि जिभेला लावला. मग तिथेच पिंपावर बसला.

"पोरी, तू हरली नाहीस. मी हरवलं तुला."

कासिल्दा पाटीकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "बाबा, आई पुढे आहे खरी. पण पळत्या गाडीचं तोंड कोण वाचतं? मागे लावली, तर मागे पडणारे सगळे वाचतील."

नासारिओने पाटीवरून हात फिरवला. मग डोळे पुसत हसला. "रोसेंदोलाही वाचता येतं ना?"

त्याने स्वतःच्या हाताने स्क्रू काढले आणि पाटी गाडीच्या मागे लावली. चार स्क्रू, मित्रांनो! चार वर्षं, एक पंप, एक टाकी आणि माझा जन्म गेला तो या चार स्क्रूंपायी.

पसारा उतरवायचं राहिलं बाजूला, माझ्या जागी नवा इंटरकूलर आला. पुढच्या वर्षी ते हॉर्न वाजवत घरी आले, तेव्हा मला कळलं की ते जिंकले. रोसेंदोने म्हणे तो बटाट्यासारखा नारळ शेवटपर्यंत पाहिला.

मला त्यांनी टाकून दिलं नाही, आठवण म्हणून दुकानातल्या फळीवर ठेवलंय. तुम्हाला एकच सांगणं आहे. एखादा दमून मागे पडत असेल, तर त्याच्यावर आणखी काही ओतण्याआधी त्याचा वारा कुणी अडवलाय का ते बघा. आणि कधी इकडे आलात, तर माझ्या शेजारची ही मिठाची गोणी तेवढी दुसरीकडे ठेवायला सांगा.