यादीतून वगळलेला भाग दुसरा

मी एक जुना शोधनिबंध आहे, मित्रांनो. माझ्याविषयी परदेशातून एक पत्र आलं होतं. तात्यारावांनी त्याला उत्तरच दिलं नाही, आणि तेव्हापासून मी जगाच्या लेखी नाही.

माझा जन्म पुण्याच्या शेती संशोधन केंद्रातला. कांद्यावरच्या करपा रोगासाठी तिथल्या मैनुद्दीन सरांनी एका रानपाल्याचा अर्क फवारून पाहिला. हिवाळ्यात गुण आला. त्यावरचा निबंध म्हणजे माझा थोरला भाऊ, भाग पहिला. त्याच वर्षी उन्हाळी कांद्यावर मात्र त्याच अर्कानं पात होरपळली, कांदा पोसलाच नाही. सरांनी तेही लिहिलं. तो मी, भाग दुसरा. आम्हा दोघांचं शीर्षक एकच.

जगभरच्या निबंधांची एक मोठी परदेशी सूची असते. निबंध तिकडे जात नाही, त्याची नोंद जाते. आमच्या केंद्रात नोंदी पाठवायचं ते काम तात्याराव करत. त्यांनी मला शब्दन्‌शब्द वाचलं, सारांश लिहिला, ठरलेल्या यादीतून ‘कांदा’, ‘करपा’ असे विषयशब्द लावले. इतक्या मायेनं मला पुन्हा कुणी वाचलं नाही.

तिकडचं यंत्र सारख्या दिसणाऱ्या नोंदी बाजूला काढतं. पत्र आलं : ‘या दोन नोंदी एकाच निबंधाच्या दिसतात. तसे नसल्यास कळवावे, अन्यथा एक वगळू.’ तात्याराव भिडस्त. एवढ्या मोठ्या लोकांना शंका आली म्हणजे आपलंच चुकलं असणार, असं त्यांना वाटलं. मसुदा लिहायचे, इंग्रजी खटकलं की फाडायचे. मुदत टळली आणि मला वगळलं. मी ज्यात छापून आलो होतो ते जुने अंक केंद्रानं रद्दीत काढले, तेव्हा निवृत्त होता होता त्यांनी मला तेवढं घरी आणलं.

परवा लोणी काळभोरची अपेक्षा वडिलांना, दत्तोबांना, घेऊन आली. ती शेतकी कॉलेजात शिकते. सूचीत तिला फक्त माझा भाऊ सापडला होता. त्याच्या भरवशावर दत्तोबांनी भर उन्हाळ्यात सगळ्या कांद्यावर अर्क मारला होता आणि पात होरपळली होती. मैनुद्दीन सर आता नाहीत, म्हणून केंद्रानं तिला तात्यारावांचा पत्ता दिला.

“पुस्तकात हाय म्हणून फवारलं,” दत्तोबा म्हणाले. “आता काढणीला पुस्तकालाच बोलावू का?”

तात्यारावांनी मला कपाटातून काढून अपेक्षाच्या हाती दिलं. वाचता वाचता तिचा चेहरा उतरला.

“सर, म्हणजे हे माहीत होतं? कुणाला?”

“मला.”

“आवं, मग सांगायचं की!” दत्तोबा म्हणाले.

“सूचीवाल्यांनी पत्रानं विचारलं होतं. मीच बोललो नाही.”

मित्रांनो, खरं लिहून भागत नाही, ते सापडावंही लागतं. कुणी विचारलं तर मोडक्यातोडक्या भाषेत का होईना, सांगा. करपलेलं रान माझ्यानं आता भरून येणार नाही.

त्या दुपारी तात्यारावांनी सूचीवाल्यांना दोनच ओळी लिहिल्या : ‘हे दोन वेगळे निबंध आहेत. दुसरा सोबत पाठवत आहे.’ या वेळी कागद फाडला नाही. मला पाकिटात घालून ते सिटी पोस्टात गेले.

“आत काय आहे?” खिडकीतल्या बाईंनी विचारलं.

“जुने कागद.”

“जुनेच आहेत, तर स्पीड पोस्ट कशाला?”

“उशीर झालाय,” तात्याराव म्हणाले.

तिकडे पाकीट कुणी उघडेल, असं मला वाटत नाही. शिक्का बसला आणि मला पोत्यात टाकलं.