सुईच्या टोकाएवढी जागा

सासऱ्यांची एक खोड होती. काम असं करायचं, की कुणाला नाव ठेवायला जागा राहू नये. महिन्यापूर्वी त्यांनी प्रवासी बोटीचं बूड एकट्याने रंगवलं, रंगाचे दोन-दोन हात दिले आणि सुईच्या टोकाएवढीही जागा सोडली नाही म्हणून आल्यागेल्याला ऐकवलं.

पुढच्याच आठवड्यात सुनेच्या हातून ती बोट गाळात रुतली. खोली दाखवणारं यंत्र चार मीटर म्हणत होतं, असं ती जीव तोडून सांगत राहिली. सासऱ्यांनी ‘नाचता येईना, अंगण वाकडं’ म्हणून विषय मिटवला. सोमवारपासून सुकाणू धाकट्या दिराकडे जाणार होतं. बारा वर्षं बोट चालवलेली बाई आता तिकिटं फाडणार. खरं दुखणं वेगळंच होतं, तिचा स्वतःवरचाच भरवसा उडाला होता.

रविवारी सकाळी ती हत्यारं घेऊन बसली. फ्यूज ठीक, वायरही कुठे तुटलेली नाही. यंत्राचा पडदा काढून शेजारच्या बोटीवर लावला, तर तिथे तो शहाण्यासारखा बरोबर आकडे देऊ लागला. म्हणजे डोकं जाग्यावर होतं, कानच बंद होता. आणि तळावरून परतणारा आवाज ऐकणारा हा कान असतो बुडाला.

ओहोटीला बोट उतारावर टेकली तशी ती खाली सरपटली. सगळीकडे लालच लाल. बोटांनी चाचपत गेली तेव्हा तळहाताएवढी चकती हाताला लागली. तिच्यावरही रंगाचे दोन हात! आवाज आत जाणार कुठून? बिचारं यंत्र शेवटी ऐकलेला आकडाच धरून बसलं होतं. ती तिथेच चिखलात पडून हसत सुटली.

थर खरवडून काढला. भरतीला सासऱ्यांना शेजारी बसवून तिने बोट मुद्दाम त्याच गाळाकडे नेली. चार, तीन, दोन. सासऱ्यांनी दोरीला शिसं बांधून स्वतः खोली मोजली. दोरीही दोनच म्हणाली. तिने बोट वळवली.

तिच्या नखांत अडकलेला लाल रंग ते बराच वेळ बघत राहिले.

“त्या दिवशी बोट तू नाही रुतवलीस, पोरी. मी रुतवली.”

तीन आठवडे घोकलेली सगळी उत्तरं ती विसरली. छातीवरचा धोंडा उतरला आणि डोळे भरून आले.

सासऱ्यांनी फोन काढला आणि धाकट्याला सांगितलं, सोमवारी वेळेवर ये, तिकिटं फाडायची आहेत.