उडी न मारलेली बाई

राहीबाईनं अंगठा शाईच्या डबीवर दाबला, मस्टरपर्यंत नेला आणि तिथूनच मागं घेतला.

"आधी वाचून दाखवा."

"अहो, हजेरी आहे. दर शनिवारचीच," सूर्यभान म्हणाला.

"हजेरीचं न्हाई म्हनत. तुमच्या पिशवीतलं. माझ्यावर लिवलंय ते."

बहात्तरचा दुष्काळ. खर्ड्याच्या अलीकडं पाझर तलावाचं काम चाललेलं, आणि चोवीस वर्षांचा सूर्यभान तिथला हजेरी कारकून. कारकून पोटापुरता, त्याला व्हायचं होतं लेखक. तीन मासिकांनी कथा साभार परत पाठवल्यावर त्यानं पुण्याहून टपालाच्या व्ही.पी.नं एक पुस्तक मागवलं होतं, होतकरू लेखकांना मार्गदर्शन करणारं. सुरुवात कशी करावी, पात्रं किती घ्यावीत, शेवट कुठं करावा, सगळं आकडे घालून दिलेलं. बाभळीखाली बसून तो ते पाठ करायचा, जणू तलाठ्याच्या परीक्षेलाच बसायचंय. लेखकानं आयुष्य जवळून पाहावं, असं त्यात एके ठिकाणी होतं. त्याखाली त्यानं लाल रेघ मारली. मग इकडंतिकडं बघितलं, तर चार हातांवर राहीबाई खडी फोडत होती.

त्यानं विचारलं आणि तिनं सांगितलं. इतकी वर्षं कुणी विचारलंच नव्हतं बिचारीला. नवऱ्यानं कसल्याशा कागदावर तिचा अंगठा घेतला आणि त्या कागदाच्या जोरावर दुसरी बायको आणली. हिची वळकटी गोठ्यात गेली. एका सकाळी ही उठून विहिरीच्या काठावर जाऊन बसली. तेव्हापासून न वाचलेल्या कागदाला राहीबाईचा अंगठा लागत नसे, हे अख्ख्या कामावर ठाऊक होतं.

आज सकाळी सूर्यभाननं मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं, "तुमची कथा दिवाळी अंकाच्या स्पर्धेला चाललीय. चारच्या जीपबरोबर टपालात." तेच नडलं.

त्यानं कागद काढले आणि वाचायला लागला. हातोड्या थांबल्या. कथेत आकाश भेसूर तापलं होतं, दिशा उदास झाल्या होत्या. लंकाबाईनं पदरानं तोंड पुसलं, म्हणाली, "गुळगुळीत लिवलंय गं बाई." मग सवत आली आणि ती कैदाशीण विकट हसली. राहीबाईच्या शेजारी बसणाऱ्या मनकर्णानं हातातला दगड एका घावात फोडला.

"हसली कुठं?" राहीबाई म्हणाली. "सोळा वर्साची पोर हुती ती. उंबऱ्यात उभी ऱ्हाऊन रडत हुती."

सूर्यभान थांबला नाही. शेवटावर त्याची भारी मदार होती. "आणि त्या अभागिनीनं काळ्याशार पाण्यात स्वतःला झोकून दिलं. पाण्यावर तरंगत राहिली फक्त तिची हिरवी बांगडी."

"काचंची बांगडी तरंगती व्हय?" लंकाबाईनं विचारलं. बायका फिदीफिदी हसल्या. राहीबाई हसली नाही.

"मी मेले?"

"तुम्ही नाही हो. कथेतली बाई. नावसुद्धा बदललंय."

"हीर माझी, गोठा माझा, अंगठा माझा. आन् मरायचं तेवढं दुसरीनं?"

"नियम आहे तसा. शेवटी वाचणारा हादरला पाहिजे. पुस्तकात दिलंय."

"आन् त्याला हादरवायला मी हिरीत पडू?" राहीबाई उभीच राहिली. आतापर्यंतचं अहोजाहो कुठल्या कुठं गेलं. "आरं, न्हाई पडले मी! तेच तर चार दिस तुझ्याम्होरं सांगत हुते. उभ्या जल्मात एवढी एकच गोष्ट माझ्या मनानं केली, आन् नेमकी तीच तू पुसलीस?"

"अहो, पण तुम्ही उठलात का, तर भूक लागली म्हणून! असा कुठं कथेचा शेवट असतो?"

"लागली मंग भूक! सकाळधरनं बसले हुते."

"तुम्हाला यातलं काय कळतं? पुस्तक लिहिणारे विद्वान आहेत."

"आसतील. त्यांनी सोता लिवलेली एखादी गोष्ट वाचून दाव."

त्या विद्वानांची एकही कथा सूर्यभाननं वाचली नव्हती. त्यांनी एखादी लिहिल्याचंही ऐकिवात नव्हतं, आणि हा प्रश्न आपल्याला पुस्तक आल्यापासूनच्या सहा महिन्यांत एकदाही पडू नये याचा त्याला भयंकर राग आला.

"अंगठा द्या. जीप येईल."

राहीबाईनं मूठ आवळली, अंगठा आत घेतला. मनकर्णानंही तसंच केलं. मग लंकाबाईनं. बघता बघता सगळ्या ओळीच्या मुठी मिटल्या. एक बाई म्हणून शाईच्या डबीकडं फिरकेना. अंगठ्यांवाचून मस्टर गेलं, तर ओव्हरसियर त्याला उद्या कामावर ठेवणार नव्हता. सूर्यभाननं एकेकीकडं पाहिलं. एकीनंही नजर खाली घातली नाही.

त्यानं शेवटचं पान टराटरा फाडलं, कोरा कागद मांडीवर घेतला आणि पेनाचं टोपण काढलं.

"बरं. भूक लागली. मग?"

"उठले. घरला गेले. दोघं जेवत हुती. मी मधी जाऊन बसले, त्याच्या ताटातली भाकर उचलली आन् खाल्ली."

"तो काय म्हणाला?"

"त्यो काय म्हननार? बघतच ऱ्हायला. म्या सवतीला म्हनलं, कालवन वाढ."

सूर्यभानचं पेन आता भरभर चालत होतं. पुस्तकातला एकही आकडा त्याला आठवत नव्हता.

"मग? सवतीनं काय केलं?"

उत्तर राहीबाईच्या शेजारून आलं.

"वाढलं की," मनकर्णा म्हणाली. "त्यो डोळं वटारून बघत हुता, तरी दोनदा वाढलं. तसंच लिवा."