बोळातली वाट

“बोळातनं ये रे मच्छिंद्रा, बोळातनं! रस्त्यानं लांब पडतं!”

पन्नास वर्षांपूर्वीची हाक. शाळा सुटली की मुक्ताताई तांबट आळीतल्या ओट्यावर उभी राहून साद घालायची. मागे तिच्या नवऱ्याचा, कोंडीराम भाऊजींचा हातोडा तांब्यावर ठेका धरायचा, आणि बहिणीच्या घरी वाढणारं ते आईविना पोर त्या ठेक्यावर धावत घरी यायचं.

आज खराडीत, काचेच्या नव्या इमारतींच्या पायथ्याशी टेप उलगडताना तीच हाक मच्छिंद्रच्या कानी आली. दारूच्या दुकानाची जागा मोजण्यात त्याचा हात धरणारं उत्पादन शुल्काच्या कचेरीत कोणी नव्हतं, आणि हे त्यालाही ठाऊक होतं.

शहरात देशी दारूचे नवे परवाने केव्हाच बंद झाले होते. त्यामुळे जुना परवाना मरत नसे. बिऱ्हाड हलवावं तसा या पेठेतून त्या पेठेत जाई. हा परवाना कसब्यातून खराडीला निघाला होता. अट अशी की शाळेच्या फाटकापासून दुकानाच्या दारापर्यंत पायवाटेने पंचाहत्तर मीटर तरी भरले पाहिजेत.

“काका, मेन रोडने ऐंशी होतात. मी स्वतः चेक केलंय,” तेजस म्हणाला. दुकान त्याचं होणार होतं.

“मग सहीही स्वतःच करायची. मला कशाला उन्हात आणलंत?”

तेवढ्यात शाळा सुटली. मजुरांची पोरं फाटकातून निघाली ती रस्त्याकडे वळलीच नाहीत. दोन पत्र्यांमधल्या फटीतून सुळकन पलीकडे, थेट तेजसच्या गाळ्यासमोर.

मच्छिंद्रने टेपचं टोक तेजसच्याच हातात दिलं. “धरा फाटकाशी.” आणि अंग चोरून तो फटीत शिरला.

“अहो, ती काय वाट आहे? मॅपवर नाहीये ती!”

“पोरं मॅप बघून घरी जात नाहीत.”

एकसष्ट मीटर.

“काका, दुसरं लायसन कुठून आणू? शहरात आहेत तेवढीच आहेत!”

“म्हणून तर नीट मोजायचं.”

“मी तुमच्या साहेबांशी बोलतो.”

“अवश्य बोला. आकडा तोच राहील.”

आकडा लिहून त्याने फाईल मागे चाळली. वीस वर्षांपूर्वी हाच परवाना लष्कर भागातून कसब्यात आला होता. ‘तांबट आळी. शाळेपासून अंतर ब्याऐंशी मीटर.’ खाली त्याचीच सही. त्या महिन्यात तो नोकरीत कायम व्हायचा होता. तेव्हाचे साहेब म्हणाले होते, “रस्त्याने घे.” त्याने घेतलं. बोळ कागदावर आलाच नाही.

गुत्ता ताईच्या ओट्याशेजारी उघडला. आधी भाऊजींचा ठेका चुकला, मग हात कापू लागला, मग एके दिवशी हातोडा कायमचाच गप्प झाला.

मच्छिंद्र तसाच कसब्यात गेला. ताई ओट्यावर चिंचेने घंगाळ घासत होती.

“आलास? गुत्ता हलतोय म्हणे. खरं का रे?”

“खराडीला नाही जात. तिथं शाळा जवळ आहे.”

“म्हणजे राहिला आमच्याच उरावर.” ती हसली. “असू दे. दुकानाला काय बोल लावायचा? मीच कमी पडले. नवऱ्याला धाक घालता आला नाही मला.”

वीस वर्षं ती हेच म्हणत आली होती आणि वीस वर्षं तो ऐकून घेत होता. निवृत्तीला दोन महिने होते. स्वतःची सही स्वतः खोटी पाडली, तर पेन्शन अडकणार होती. त्याने पिशवीतून टेप काढला.

“ताई, हे टोक धर. गुत्त्याच्या उंबऱ्याला लाव.”

“मी? माझे हात चिंचेचे आहेत.”

“धर गं.”

तो बोळातून आपल्या जुन्या शाळेच्या फाटकापर्यंत गेला. टेप ताणला, आकडा वाचला, पुन्हा वाचला. मग टेप गुंडाळत, पावलामागून पाऊल, ताईच्या हातापर्यंत परत आला.

“अठ्ठावन्न,” तो म्हणाला. “उद्या हे लिहून देतो. इथला गुत्ताही उठेल.”

“मग तेव्हा कसा काय बसला?”

मच्छिंद्रने तिच्या ओल्या बोटांतून टेपचं टोक सोडवून घेतलं.

“तू कुठे कमी पडली नाहीस, ताई. तेव्हा मोजणारा मी होतो. मी बोळातनं आलो नाही.”