बाकापर्यंत नऊ फरश्या

आमच्या ह्यांनी परसदाराचं नंदनवन करायचं ठरवलं, तेव्हा घरात पैसा, वेळ, अवजारं सगळ्याचीच टंचाई होती. आत्मविश्वास तेवढा पोत्यांनी होता.

कारण मात्र खरं होतं. सासूबाईंच्या खुब्याचं ऑपरेशन होऊन दोन महिने झाले होते. वॉकर धरून खोलीतल्या खोलीत चार पावलं टाकायच्या आणि पलंगावर बसायच्या. "या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. मी काय कोळी आहे?" व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या बाईंनी स्पष्टच सांगितलं, की अशाच बसून राहिल्या तर कायमच्या बसतील. त्यावर सासूबाईंनी अट घातली: चालेन, पण मागच्या झाडाखालच्या बाकापर्यंत. आणि तिथवरची जमीन म्हणजे खड्डे, ढेकळं आणि गुडघाभर गवत.

धाकट्या नणंदेनं फोनवर निर्वाणीचं सांगितलं, "दादा, मी रविवारी येतेय. आई बाकापर्यंत गेली तर ठीक. नाहीतर मी तिला माझ्याकडे घेऊन जाणार." तिच्या इमारतीत डॉक्टर राहतात, ही जमेची बाजू. पण घर चौथ्या मजल्यावर आणि लिफ्ट अर्धा आठवडा आजारी. तिथे गेल्यावर सासूबाईंचं चालणं संपलंच, हे आम्हा सगळ्यांना कळत होतं. सासूबाईंना सगळ्यांत जास्त.

शेजारी न्हाणीघराचं काम चाललं होतं. तिथला गवंडी म्हणाला, "दोन दिवसांत सपाट वाट करून देतो." त्यानं सांगितलेला आकडा ऐकून हे हसले. "एवढ्यात मी अख्खी बाग करीन!"

"करा की," गवंडी म्हणाला. त्या दोन शब्दांतली दया दुसऱ्या कुणालाही कळली असती.

हे विमा कंपनीत आहेत. बावीस वर्षं लोकांच्या पडझडीचे दावे तपासल्यामुळे, पडझड ही लोकांचीच होते असा त्यांचा समज झालाय. त्यांनी 'फुकटात फुलवा बाग' छापाचे अकरा व्हिडिओ पाहिले आणि कामाला लागले. पहिल्या दिवशी जुने टायर आले. त्यांना पिवळा रंग लागला. दुसऱ्या दिवशी खोक्यांच्या फळ्या आल्या, त्यांची म्हणे उभी बाग होणार होती. तिसऱ्या दिवशी गवंड्यानं टाकून दिलेल्या टाइलांचे तुकडे आले आणि त्यांतून एक मासा झाला. निदान ह्यांच्या मते तो मासा होता.

"अहो, पण वाट?"

"आधी दृष्टी लागते. वाट काय, शेवटी टाकायची."

शुक्रवारी एका पाडलेल्या कचेरीच्या आवारातून नऊ दगडी फरश्या आल्या. उसन्या हातगाडीवरून, तीन खेपांत. सोबत ह्यांची कंबरदुखीही आली. मग मोजमाप झालं. व्हिडिओतल्या माणसानं सांगितलं होतं, की वाट नैसर्गिक चालीनुसार हवी. म्हणून हे हात मागे बांधून दारापासून बाकापर्यंत नैसर्गिक चालत गेले आणि जिथे जिथे त्यांचं पाऊल पडलं, तिथे मी खुंटी ठोकली. आता हसू येतं. पण तेव्हा नऊच्या नऊ खुंट्या मीच ठोकल्या आणि माझ्याही डोक्यात काही आलं नाही. प्रत्येक खुंटीवर एक फरशी बसली. मधल्या जागेत पांढरे गुळगुळीत गोटे. फोटोत फार सुरेख दिसत होतं.

रविवारी नणंद आली. सासूबाई वॉकर टेकत मागच्या दारात आल्या. त्यांनी वाटेवर नजर फिरवली.

"छान आहे," त्या म्हणाल्या. "उंट कधी येणार? एवढ्या ढांगा त्यालाच जमतील."

त्यांनी पहिल्या फरशीवर पाऊल ठेवलं, वॉकर पुढे टाकला आणि त्याचे पाय गोट्यांत रुतले. त्या कलल्या. हे धावले म्हणून वाचल्या.

"झालं समाधान?" नणंदेचा आवाज चिरकला. "दादा, तुला तिला चालवायचं होतं की फोटो काढायचा होता? आई, मी तुझे कपडे भरते."

"मी... मी माझ्या पावलांनी मोजलं, आई," हे म्हणाले. टायरांना रंग देणारा माणूस एकदम दहा वर्षांचा दिसायला लागला.

"लहानपणीही तू असाच पुढे पळायचास. मागे वळून बघायची पद्धत नाहीच तुझ्याकडे," सासूबाई म्हणाल्या. "मला खुर्ची द्या."

दारात खुर्ची आली. त्या बसल्या, श्वास घेतला आणि हुकूम सुटले. "उपट त्या फरश्या. एकीला एक चिकटवून लाव. मध्ये फट दिसली तर माझ्याशी गाठ आहे. आणि तू गं, बॅग ठेव. गोटे वेच."

नणंद नेसूच्या चांगल्या कपड्यांत बादली घेऊन वाकली. गवंड्यानं कुंपणावरून सपाटी बघायची पाणसळ पुढे केली. ह्यांनी ती नजर न मिळवता घेतली.

दोन तासांनी नऊ फरश्या सपाट, खेटून बसल्या आणि अर्ध्या वाटेत संपल्या. पुढे नुसती ढेकळं.

"उरलेल्या भागात टायर कापून जर..." ह्यांनी सुरुवात केली.

"बाक आणा," सासूबाई म्हणाल्या.

"कुठे?"

"वाट संपते तिथे. मला बसायचंय, बाकाला मुळं नाही फुटलेली."

गवंडीसुद्धा कुंपण ओलांडून आला. चौघांनी मिळून बाक उचलला आणि धापा टाकत टेकवला. घाईत तोंड उलटं झालं. बागेकडे पाठ आणि माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीकडे तोंड. फिरवायची ताकद कुणात उरली नव्हती.

सासूबाई निघाल्या. वॉकर, पाऊल, पाऊल. नणंद समोरून उलटी चालत होती, दोन्ही हात पसरून, तान्ह्या पोरापुढे चालावं तशी. हे मागे. मला बघवेना, म्हणून मी आत जाऊन चहासाठी दूध गॅसवर ठेवलं आणि खिडकीतून बघत राहिले. म्हणजे बघवत होतंच.

त्या पोचल्या. वळल्या. बसल्या. नणंदेनं डोळे पुसले आणि लगेच कठोर झाली. "आज झालं गं आई. पण रोज? माझ्याकडे चल ना."

सासूबाईंनी खिडकीतून सरळ माझ्याकडे पाहिलं.

"अगं, दूध!" त्या ओरडल्या. मग लेकीकडे वळल्या. "बघितलंस? मी गेले तर रोज उतू जाईल हिचं."

दूध अजून कोमटसुद्धा झालं नव्हतं.

"गेलंच होतं, आई," मी म्हणाले आणि गॅस बंद केला.